सीमेवरचा नागरिक आणि विशेषाधिकारांचा कायदा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



राष्ट्राच्या सुरक्षिततेचे नाव निघाले की आपल्याकडे विचार थांबतो आणि जयघोष सुरू होतो. सीमा सुरक्षित हवी, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस या सुरक्षिततेचा धनी आहे, की तिच्या लेखी कायमचा संशयित?

४ डिसेंबर १९२१ नव्हे, ४ डिसेंबर २०२१ ची गोष्ट आहे. राज्य परक्यांचे नव्हते. नागालँडच्या मोन जिल्ह्यात तिरू येथील कोळसा खाणीवरून ओटिंग या आपल्या गावी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्करी तुकडीने गोळीबार केला. सहा मजूर ठार झाले. त्यांच्या शोधात निघालेले संतप्त गावकरी आणि जवान यांच्यात संघर्ष होऊन आणखी सात नागरिक व एक जवान प्राणास मुकले. दुसऱ्या दिवशी मोन शहरात चौदाव्या नागरिकाचा बळी गेला. अतिरेकी समजून ही चूक घडली, असे गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. राज्याच्या विशेष तपास पथकाने २०२२ मध्ये ३० लष्करी कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने २०२३ मध्ये खटल्यास परवानगी नाकारली. परवानगीच नाही म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. ती चूक होती की गुन्हा, याचा निवाडा कोणत्याही न्यायासनासमोर झालाच नाही.

हे घडू शकते याचे कारण १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा. त्याच्या चौथ्या कलमाने ‘अशांत’ ठरवलेल्या क्षेत्रात प्राण घेण्यापर्यंत बळ वापरण्याची मुभा दिली; सहाव्या कलमाने केंद्राच्या संमतीवाचून खटल्याचा मार्ग बंद केला. या कायद्याचे कूळ आपण ओळखले पाहिजे. ‘चले जाव’ आंदोलन चिरडण्यासाठी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी १५ ऑगस्ट १९४२ रोजी काढलेला वटहुकूम हा त्याचा पूर्वज. परकीय सत्तेने तो अधिकार कॅप्टन व त्यावरील अधिकाऱ्यांना दिला होता. स्वतंत्र भारताने तो नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांपर्यंत खाली उतरवला! मणिपूरचे समाजवादी खासदार लैश्राम अचौ सिंह यांनी १९५८ मध्येच लोकसभेत या विधेयकाला कडाडून विरोध केला होता. तो वारसा आपला आहे.

कोणी म्हणेल, दुर्गम डोंगरात जिवावर उदार होऊन लढणाऱ्या जवानाला संरक्षण नको काय? अवश्य हवे. पण ज्याने कर्तव्य बजावले त्याला न्यायालयाचे भय नसते, आणि स्वसंरक्षणाचा हक्क सामान्य कायद्यातही आहे. सहावे कलम निरपराध जवानाला नव्हे, चौकशीलाच अडवते. शिवाय नागा प्रश्न मुळात राजकीय आहे. १९९७ ची शस्त्रसंधी आणि २०१५ चा आराखडा करार होऊनही अंतिम तोडगा निघाला नाही. राज्यकर्त्यांनी टाळलेल्या निर्णयाची किंमत गावकरी आणि जवान दोघेही मोजत आहेत.

हा कायदा गेला तर आभाळ कोसळेल, हेही खरे नाही. २०१५ मध्ये त्रिपुरातून आणि २०१८ मध्ये मेघालयातून तो उठला. दोन्ही राज्ये भारतातच आहेत. न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने २००५ मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली. ओटिंगनंतर पंधरवड्यात नागालँड विधानसभेने एकमताने तीच मागणी केली. इरोम शर्मिला यांनी त्यासाठी सोळा वर्षे अन्न वर्ज्य केले. समिती, विधानसभा आणि सत्याग्रह या लोकशाहीच्या तिन्ही वाटा चोखाळूनही ज्यांचे ऐकले जात नाही, त्यांनी राज्यसंस्थेवर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा?

म्यानमारलगतची सीमा १,६४३ किलोमीटरची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना कोन्याकांची नातीगोती आहेत. त्या सीमेवर कुंपण घालण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. पण ज्या गावाचा राज्यावर विश्वास आहे, ते गावच सीमेचा पहिला पहारेकरी असते. तो विश्वास तारेच्या कुंपणाने निर्माण होत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : हा कायदा रद्द करा, आणि तोवर खटल्याची संमती नाकारताना सविस्तर कारणे जाहीर करून ती न्यायालयीन तपासणीस खुली ठेवा. येत्या ९ ऑगस्टला आपण हुतात्म्यांना अभिवादन करू, तेव्हा लिनलिथगोच्या वटहुकुमाचा वारस अजून जिवंत आहे, हे प्रत्येक शाखेने गावोगावी सांगावे. ओटिंगच्या मजुराला न्याय नाकारणारे कलम उद्या आपल्या दारी येईल म्हणून नव्हे. तो मजूर आपल्याइतकाच या प्रजासत्ताकाचा नागरिक आहे म्हणून.