मागचं चाक गरम का होतं?

जबलपूरहून बोलतोय. हे गाड्यांचं गाव. 1904 साली इथे गन कॅरेज फॅक्टरी आली आणि 1969 साली व्हेइकल फॅक्टरी. शक्तिमान ट्रक आणि जोंगा या दोन गाड्यांवर फौजेच्या कित्येक पिढ्या वाढल्या. तेव्हा ब्रेक म्हणजे ड्रम. आता मोटारींना मागेही डिस्क ब्रेक येतात. ते उत्तम आहेत, पण पावसाळाभर गाडी उभी राहिली की अडकतात. आज त्याचंच बोलू.

शेजारच्या एका गृहस्थांची गाडी ऑक्टोबरमध्ये बाहेर निघाली. अ‍ॅव्हरेज घसरलं, मागून जळका वास येऊ लागला. एका गॅरेजने न तपासताच सांगितलं, "दोन्ही कॅलिपर बदला." निदानाआधी इलाज! फौजेत याला गोळीबार म्हणतात, नेमबाजी नाही.

आधी रचना समजून घ्या. ड्रममध्ये ब्रेक शू मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कमध्ये हे काम पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी रिंग करते. पेडल दाबलं की ती किंचित पिळली जाते, सोडलं की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. कॅलिपर स्वतः दोन पिनांवर सरकतो. म्हणजे सगळा खेळ केसभर जागेचा. तेवढ्यात गंज बसला की ब्रेक सुटत नाही.

आता तपासणी. आठ-दहा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक लावत गाडी चालवा. थांबल्यावर चाकाजवळ तळहात न्या, डिस्कला हात लावू नका. एक चाक तापलेलं आणि दुसरं गार, तर गुन्हेगार सापडला.

मग सपाट जागी पुढच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावा. पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांची असेल तर न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक सोडा, मागची बाजू उचला आणि जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. हा हुकूम समजा. पेडल एकदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. पॅडची हलकी खरखर चालेल, पण चाक जड लागता कामा नये.

चाक अडत असेल तर तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: हँडब्रेक पूर्ण सुटतोय का? बऱ्याच गाड्यांत केबल कॅलिपरवरची छोटी लिव्हर ओढते. ती परत आपल्या टेकूला टेकली पाहिजे. केबल काढल्यावर लिव्हर मागे गेली आणि चाक सुटलं, तर दोष केबलचा. लिव्हरच अर्ध्यात अडली, तर कॅलिपरचा. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात वेगळे छोटे शू असतात. तिथे तेही पाहा.

दुसरा: तेलाचा दाब अडकलाय का? डोळ्यांवर चष्मा चढवून ब्लीडर जरासा सैल करा. तेल जोरात आलं आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब मागून कुठूनतरी सुटत नाहीये. बहुतेकदा रबरी होस आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत येत नाही. खात्रीसाठी ब्लीडर बंद करा, पेडल पुन्हा दाबून सोडा आणि होसच्या अलीकडचा लोखंडी पाइपचा जोड सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे, नाही सुटलं तर होसमध्ये.

तिसरा: ब्लीडर उघडूनही चाक जडच? मग अडकलं आहे ते लोखंड. कॅलिपर काढा, तारेने बांधून ठेवा, होसवर लोंबकळू देऊ नका. पॅड पाहा. तिरपं झिजलं असेल तर बहुधा एक पिन अडलीय. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलं असेल तर पिना आणि पिस्टन दोन्ही तपासा. शेजाऱ्यांच्या गाडीत खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं, पाणी शिरून पिन गंजली होती. पिना आणि रबरं बदलली, काम झालं. कॅलिपर तसेच राहिले.

पिना ब्रेकसाठीच्या सिलिकॉन ग्रीसने माखा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडते. पॅडच्या बैठकीचा गंज ब्रशने घासा, धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा. हँडब्रेकची लिव्हर कॅलिपरवरच असेल तर पिस्टन क्लॅम्पने दाबायचा नाही, योग्य हत्याराने फिरवत आत घालायचा. जबरदस्ती केलीत तर आतला स्क्रू जाईल. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावून घ्या. पिस्टनवरच खड्डे पडले असतील तर मात्र कॅलिपर बदला, तिथे कंजुषी नको.

जोड उघडले असतील तर ब्लीडिंग करून हवा काढा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आपण मंडळी लग्नकार्याला नागपूरला जातो. वाटेत सिवनीच्या पुढे कुरईचा घाट लागतो. अडकलेला ब्रेक आधीच तापलेला असतो. डॉट 4 तेल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषून घेतला की ही मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल फरशीला टेकतं. मागच्या सीटवर नातवंडं असतात, मंडळी.

म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला. गाडी धुतल्यावर थोडी चालवून ब्रेक वाळवा. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये, ठोकळे लावून आणि हँडब्रेक न ओढता ठेवा. आणि कोणी "सगळं बदला" म्हणालं, तर एवढंच विचारा, "ब्लीडर उघडल्यावर चाक सुटलं का?" उत्तर देता आलं तर मिस्त्री खरा. जय हिंद.