बेकार राहणे परवडते कोणाला?

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरील लोकांतले बेकारीचे प्रमाण 2017-18 साली 6 टक्के होते. 2023-24 साली ते 3.2 टक्क्यांवर आले. म्हणजे अर्थव्यवस्था सुदृढ झाली, असे वाटणे साहजिक आहे. पण त्याच वर्षीच्या सर्वेक्षणात निरक्षरांमध्ये बेकारी अर्धा टक्कासुद्धा नव्हती आणि पदवीधरांमध्ये ती 13 टक्क्यांच्या आसपास होती. निरक्षरांचे बरे चालले आहे, असा अर्थ यातून कोणी काढणार नाही. बेकारांत गणना व्हायची तर नुसते काम नसून भागत नाही. काम शोधत थांबावे लागते, आणि थांबायचे तर घरात दुसऱ्या कोणाची तरी मिळकत लागते. ज्याचे हातावर पोट आहे तो मिळेल त्या मजुरीवर राबतो आणि सरकारदरबारी रोजगारवाला ठरतो.

याचा पडताळा करोनाकाळातल्या टाळेबंदीने दिला. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतली बेकारी 14 टक्क्यांच्या वर गेली. आपल्याकडेही शहरांतला तिमाही आकडा तेव्हा 20 टक्के ओलांडून गेला. वर्षभराचा हिशेब मात्र उलटा निघाला: 2019-20 चे 4.8 टक्के 2020-21 मध्ये 4.2 वर उतरले! शहरांतून परतलेली माणसे गावच्या शेतीत सामावली गेली. 2018-19 मध्ये शेतीवर 42.5 टक्के कामकरी होते, ते दोन वर्षांत 46.5 टक्के झाले. विकासाच्या वाटेवरचा देश शेतीतून माणसे बाहेर काढतो. इथे ती परत आत गेली, आणि 2023-24 मध्येही हे प्रमाण 46 च्या वरच होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. स्त्रियांपैकी श्रमबलात असणाऱ्यांचे प्रमाण 2017-18 ते 2023-24 या काळात 23 टक्क्यांवरून जवळजवळ 42 टक्क्यांवर गेले. ही प्रगती नाही का? काही अंशी असेलही. पण याच काळात घरच्या शेतीत वा दुकानात बिनपगारी राबणाऱ्यांचे प्रमाण एकूण कामकऱ्यांत सुमारे 14 वरून 19 टक्क्यांवर गेले, आणि त्यांत स्त्रियाच जास्त. पूर्वी न मोजलेले कष्ट आता मोजले जातात, असे म्हणावे तर ते न्याय्यच आहे. मात्र मग ही वाढ नव्या रोजगाराची म्हणता येत नाही. दोन्ही श्रेये एकदम घेता येणार नाहीत. राहिला बेकारीची ही व्याख्या आंतरराष्ट्रीयच आहे, हा मुद्दा. जिथे बहुतेक लोक पगारावर जगतात आणि नोकरी गेल्यास भत्ता मिळतो, तिथे ती व्याख्या चोख चालते. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक स्वयंरोजगारात आहेत. अशा देशात बेकारीचा एकच आकडा काढण्यात अर्थ नाही, असे बेकारीच्या मोजणीवरील दांतवाला समितीने 1970 सालीच सांगितले होते. त्यामुळे 3.2 पेक्षा दुसराच आकडा मला बोलका वाटतो: नियमित पगारावरच्या कामकऱ्यांचा. 2017-18 मध्ये ते शंभरांत सुमारे 23 होते. 2023-24 मध्ये 22 देखील भरले नाहीत.