लिंबाला फुटल्या शेपट्या

दूध उकळलं की जंतू मेले, असं आपण घरोघरी मानतो. बहुतेक जंतूंच्या बाबतीत ते खरंही आहे. पण इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे. तो ज्वालामुखीचा मुलूख. तिथल्या एका झऱ्याचं पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपास. आणि आंबट इतकं, की लिंबाचा रस त्यापुढे सौम्य वाटावा. त्या पाण्यात ‘आर्किया’ गटातले सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळं. हे वेगळेपण कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवून दिलं.

आता जिथे जीव, तिथे त्याला ग्रासणारा विषाणूही आलाच. डेव्हिड प्रांगिश्विली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एका विषाणूची हकीगत २००५ साली ‘नेचर’मध्ये मांडली. पेशीतून बाहेर पडतो तेव्हा तो असतो लिंबाच्या आकाराचा. मग दोन्ही टोकांना लांब शेपट्या फुटतात. पेशीची मदत नाही, अन्न नाही. लागते ती फक्त झऱ्यातली उष्णता. गार पाण्यात शेपट्या फुटत नाहीत.

पेशीबाहेर विषाणू निर्जीव कणासारखा नुसता पडून राहतो, असं आपण शाळेत शिकलो. मग याला सजीव म्हणायचं का? तसं नाही. शेपट्या फुटल्या, तरी वंश वाढवायला त्याला पेशीचंच दार ठोठवावं लागतं. वहीतलं ते वाक्य मात्र दुरुस्त करायला हवं.