सामना सातला, मैदान चारला

(आकाशवाणीवरील भाषण)



दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, कपाशीची पहिली वेचणी उरकली की आपल्या अमरावती-अकोल्याकडे गावोगावी कबड्डीचे फलक लागायला सुरुवात होते. फलकावर मोठ्या अक्षरात बक्षिसाची रक्कम, त्याखाली पाहुण्यांचे फोटो आणि अगदी तळाशी वेळ, सायंकाळी सात. मला आज त्या सात वाजायच्या आधीच्या तीन तासांबद्दल बोलायचं आहे. सामना सातला असेल तर तुम्ही चारला मैदानावर या, आणि येताना घरातली पोरंबाळं घेऊन या. एवढं एकच सांगायला मी आलो आहे. बोलताना ते पुन्हापुन्हा येईल, कारण ज्यांनी रेडिओ आत्ता लावला त्यांच्याही कानावर ते गेलं पाहिजे.

लोक मला विचारतात, ‘चारले येऊन काय करू जी? सामना तं सातले हाय.’ हा प्रश्न टीव्हीनं शिकवला. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळ घराघरांत गेला, याचा मला आनंदच आहे. पण टीव्हीवर सामना सुरू होतो तेव्हा मैदान आधीच तयार असतं, खेळाडू घामानं भिजलेले असतात, पंच जागेवर उभे असतात. हे सगळं कुठून आलं ते पडद्यावर दिसत नाही. मग पोरांना वाटतं, मैदान म्हणजे आपोआप असलेली एक वस्तू. आपल्या गावात ती आपोआप नसते, श्रोतेहो. ती त्याच दिवशी दुपारी करावी लागते.

कशी करतात त्यातलं बरंच चारला आलात तर दिसेल. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण कबड्डीला वैरी. सुकली की भेगाळते, भिजली की पायाला गोळे बांधते. म्हणून बाहेरून मऊ माती आणून चाळायची, तिच्यात शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळायचा, थर पसरायचा, सारखा करायचा. मग पाणी. कमी झालं तर धूळ उडते आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलतात, जास्त झालं तर घसरगुंडी होते. जाणता माणूस मूठभर माती उचलून दाबतो. लाडू वळला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, की म्हणतो, ‘झालं, बंद करा पाणी.’ आणि मग येतं ते काम, ज्यासाठी मी तुमच्या पोरांना बोलावतो आहे. आठ-दहा मुलं खांद्याला खांदा लावून एका रांगेत बसतात आणि ओणवी सरकत सरकत या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचतात. ज्या पोरानं चार वाजता तिथून एक अणकुचीदार खडा काढला, ते सात वाजता एखादा चढाईपटू त्याच जागी छातीवर आपटून उठतो तेव्हा कसं बघतं, ते एकदा बघा.

त्यानंतर आखणी. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. पण लांबी-रुंदी मोजली म्हणजे चौकोन सरळ झाला असं नाही, तो तिरका होऊ शकतो. म्हणून आमचे शारीरिक शिक्षणाचे मास्तर कोपऱ्यात खुंटी ठोकतात, दोरीवर तीन, चार आणि पाच मीटरच्या गाठी मारतात आणि काटकोन काढतात. शेवटी कर्ण मोजायचा. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटीमीटर भरले की मैदान बरोबर. सातवी-आठवीतल्या ज्या मुलाला पायथागोरस फळ्यावर कळत नाही, त्याला दोरीचं दुसरं टोक धरायला द्या. मग फक्की मारायची. रेषा ३ ते ५ सेंटीमीटर जाडीची, तुटक नको, ढिगारे नकोत. एक विनंती करतो, फक्कीच्या जागी कळीचा चुना कुठंही वापरू नका. खेळाडूंचे डोळे त्या रेषेपासून हातभर अंतरावर असतात.

आता कोणी म्हणेल, हे आयोजकांचं काम, प्रेक्षकाला त्याचं काय? ऐका. चारला आलेल्या माणसाला डाव्या कोपऱ्यात पाणी जास्त पडलेलं माहीत असतं. सहाच्या सुमारास संघ अंग मोकळं करायला उतरतात, तेव्हा तो बघतो की पाहुण्या संघाचा चढाईपटू प्रत्येक वेळी उजव्या पायानं बोनस टिपायचा सराव करतोय, आणि यजमानांचे कोपरा आणि मध्यरक्षक हातात हात गुंफून साखळी बसवतायत. एक बुटका पोरगा नुसता चवडा धरायचा सराव करतोय, वीस वेळा, तीस वेळा. मग रात्री सामन्यात तो चढाईपटू त्याच ओल्या कोपऱ्याकडे वळतो आणि बुटका एक पाऊल मागं सरकतो, तेव्हा चारला आलेला माणूस पकड व्हायच्या आधीच उभा राहतो. सातला आलेला टाळ्या वाजवतो, पण सगळं संपल्यावर. एकाच सामन्याचं एकच तिकीट, किंवा बहुतेक ठिकाणी फुकट, आणि एकाला दुप्पट मिळतं.

रोडग्यांचं बघा ना. आपल्याकडे शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असला की कोणी थेट पंगतीला जातं का? सकाळपासून माणसं जमतात. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, धूर डोळ्यात जायचा, जगरा लाल होईपर्यंत थांबायचं. एकीकडे कणीक मळून थरांचे गोळे होतात, दुसरीकडे वांगी चिरली जातात. रोडगे निखाऱ्यात गेले की कोणी तरी काठी घेऊन बसतो आणि मध्येच उलटवतो, घाई केली तर वरून काळे आणि आतून कच्चे. त्या दोन-तीन तासांत सगळ्या गावाच्या गोष्टी होतात, नवा जावई तपासून होतो, भावाभावांतला अबोलासुद्धा तिथंच सुटतो. शेवटी रोडगा झटकून, फोडून तुपात बुडवला की पंगत अर्ध्या तासात उरकते. जो नुसता त्या अर्ध्या तासाला आला, त्यानं रोडगे खाल्ले हे खरं, पण कार्यक्रमाला तो होता असं कोणी म्हणणार नाही. कबड्डीचा सामनाही वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. पाऊण तासात ताट उचललं जातं. जगरा चार वाजता पेटतो, श्रोतेहो. तुम्ही त्याच्याजवळ बसायला या.

अमरावतीकरांना तर हे सांगायची गरजच पडू नये. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी लावलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं रोप १९१४ चं. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं, त्या वेळी मंडळाचं पथक तिथं गेलं आणि आपले देशी खेळ जगाला दाखवून आलं, हुतूतू, म्हणजे आपली कबड्डी, त्यात होतीच. आपण छाती पुढं काढून बर्लिन सांगतो. त्याआधी अमरावतीच्या मातीत गेलेली बावीस वर्षं मात्र सांगत नाही. मंडळाच्या मैदानावर एखाद्या पहाटे मुलांना घेऊन जा. मलखांबाला एरंडेल चोळताना दाखवा, उडी शिकणारं पोरगं किती वेळा चुकतं ते मोजायला सांगा. तिथं तुम्हाला सामना दिसणार नाही. सामन्याच्या आधीचंच सगळं दिसेल, आणि ते पुष्कळ आहे.

योगायोग बघा, अमेरिकेत शिकागो शहरातलं रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं मैदानही १९१४ सालचंच. ते वस्तीच्या अगदी मध्ये आहे. समोरच्या घरांच्या गच्च्यांवरून लोक सामना बघत आले आहेत. तिकडे मैदानाची दारं सामन्याच्या तास-दीड तास आधी उघडतात, लोक फलंदाजांचा सराव बघायला लवकर जातात, लहान मुलं हातमोजा घेऊन चेंडू झेलायला उभी असतात, आजूबाजूच्या गल्ल्यांत खाणं-पिणं, गप्पा. एवढ्या श्रीमंत देशातल्या माणसाला सामन्याआधीचे तास मोलाचे वाटतात. आपल्याकडे मैदान घरापासून पाच मिनिटांवर, आणि आपण पाहुण्यांच्या भाषणानंतर पोचतो.

भाषणांचा विषय निघालाच आहे तर रागावून बोलतो. एका गावी मी पाहिलेलं आहे. दोन्ही संघांनी अर्धा तास धावून, वाकून अंग तापवलं. सात वाजले, पाहुणे आले नव्हते. पावणेआठला आले. मग हार, शाल-श्रीफळ, पाच भाषणं. पोरं चड्डी-बनियनवर डिसेंबरच्या गारठ्यात रांगेत उभी. तापलेलं अंग पार गार पडलं, आणि तशाच आखडलेल्या पायांनी पहिली चढाई. तिसऱ्याच चढाईला एकाचा गुडघा फिरला. कबड्डीत गुडघ्याची दुखापत सगळ्यांत जास्त, हे प्रत्येक प्रशिक्षक जाणतो. तो पोरगा कोणाच्या तरी दुचाकीवर मध्ये बसून दवाखान्यात गेला आणि त्याची आई सातच्या सामन्याला म्हणून उशिरा पोचली, तेव्हा तिला मैदानावर पोरगा दिसेना. आयोजकांनो, सत्कार करायचाच असेल तर पाचच्या आत करा, माती ओली असताना. पाहुण्यांनाही चारला बोलवा. त्यांच्या हातून दोन खडे वेचले गेले तर त्यांचा मान वाढेलच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला फक्त लवकर आल्यावर दिसते, ती म्हणजे वजन. आपल्याकडे खुल्या गटाबरोबर ५५ किलो वजनगटाचे सामने असतात. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात काटा ठेवतात. एकेक पोट्टा कपडे काढून चढतो, काटा ५५ च्या पुढं थरथरतो आणि त्याचा चेहरा उतरतो. मग तो स्वेटरवर स्वेटर घालून उन्हात पळतो, थुंकत राहतो, सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो. अकोल्यात बॉक्सिंगची क्रीडा प्रबोधिनी आहे, वसंत देसाई क्रीडांगणाकडे जाणाऱ्यांना हे काट्याचं प्रकरण नवं नाही. तिथंही लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं. पण तिथं प्रशिक्षक आठवड्या-आठवड्यानं आहार बघतात. गावात बघायला कोण आहे? तुम्ही. आईबापांनी, काका-मामांनी त्या काट्यापाशी उभं राहावं. पोरगा दोन दिवस उपाशी असेल तर त्याला सांगावं, बाबू, पुढच्या गटात खेळ, पण असा सुकू नको. काटा झाला की त्याच्या हातात केळी द्या, गूळ-शेंगदाणे द्या, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हळूहळू पाजा. सामना सातला आहे, म्हणजे हे खाणं पोटात जिरायला वेळ मिळतो. साडेसहाला आणलेला डबा काही कामाचा नाही. म्हणून चारला या असं मी म्हणतो तेव्हा ते नुसतं करमणुकीसाठी म्हणत नाही.

अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे या क्रिकेटपटूंचे फोटो पोरांच्या वह्यांवर असतात. चांगलं आहे. पण या मुलांनाही कधी तरी कोणी तरी पहाटे मैदानावर सोडलं असेल, खेळपट्टीला पाणी पडताना त्यांनी पाहिलं असेल... असो, क्रिकेटकडे वळलो तर वेळ पुरणार नाही.

मुलींच्या सामन्यांबद्दल मला सविस्तर बोलायचं होतं. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे आखणी वेगळी. ते बहुतेक ठिकाणी आधी ठेवतात, पाच-साडेपाचला, उजेड असताना, आणि त्या वेळी खुर्च्या रिकाम्या असतात. शेतातून कपाशी वेचून आलेली मुलगी, जिनं घरचं पाणी भरून, भाकरी टाकून मग बूट घातलेत, ती रिकाम्या खुर्च्यांपुढे पट काढते. तिच्या पकडीला दाद द्यायला पंच आणि गुणलेखक सोडले तर कोणी नसतं. पुढं ती खेळ का सोडते याची कारणं लोक कुठं कुठं शोधतात. तिची काकू चारला आली असती तर... मला खूण झाली आहे, दोनच मिनिटं उरली.

तेव्हा पुन्हा सांगतो. सामना सातला, तुम्ही चारला. सोबत पाण्याची बाटली, मुलांसाठी मुरमुऱ्याचा चिवडा, बसायला एक सतरंजी. पहिल्या तासात माती आणि आखणी, मग मुलींचा सामना, मग मोठ्यांचा सराव. मधल्या वेळात मैदानाला एक फेरी मारा, रेषापंच कुठं बसतो, राखीव क्षेत्राची रेषा कोणती, निदान रेषा कोणती, हे पोराला बोट धरून दाखवा. चढाई तीस सेकंदांची असते, त्याला मनातल्या मनात मोजायला लावा.

आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक शेवटचं सांगणं आहे. या वर्षीच्या फलकावर बक्षिसाच्या रकमेखाली चार ओळी वाढवा. माती चाळणे दुपारी दोन. वजन दुपारी चार. खडे वेचणे व आखणी दुपारी चार, लहान मुलांनी यावे. मुलींचा सामना सायंकाळी पाच. पाहुण्यांचा एक फोटो कमी केला की एवढी जागा सहज निघते.