यंत्राला आपला हात ठाऊक हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले याचे माझे मलाच नवल वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्यासपीठाची पायरी आजवर चढले ती हळदीकुंकवाचे तबक घेऊन. तेव्हा काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. विषय दिला आहे ‘नव्या वस्तू घडवणाऱ्यांची कल्पकता आणि रसिकता’. शब्द मोठे आहेत. मी आपली माझ्या गोठ्यापासून सुरुवात करते.

चार वर्षांपूर्वी आम्ही विजेवरची कडबाकुट्टी घेतली. हिरवागार रंग, लाल चाक. बघणाऱ्याची नजर ठरावी अशी. मी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. तिसऱ्याच महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे त्यात गेली.

ओल्या कडवळाची पेंढी तोंडाशी अडकली होती, ती ढकलायला त्या गेल्या. आत दोन रूळ असतात. ते चारा ओढतात आणि चाकावरची पाती तो कापतात. रुळांना चारा काय आणि हात काय, दोन्ही सारखेच. मी धावत जाऊन बटण बंद केले, पण जड चाक वीज गेल्यावरही फिरत राहते.

गावात सगळे म्हणाले, “बाईमाणसाने जपून काम करायला नको का?” भगिनींनो, खरे सांगते, मीही मनात तेच म्हणाले. आज त्याची लाज वाटते. कारण पुढे मी त्या यंत्रासमोर पाट टाकून बसले आणि नीट पाहिले. चारा घालायचे तोंड वीतभरच लांब. वर झाकण नाही. रूळ उलटे फिरवायला दांडी नाही. बटण भिंतीवर, पाच पावलांवर. चूक जाऊबाईंची नव्हती. घडवणाऱ्याने रंग निवडला, पण चारा घालणाऱ्या बाईचा हात कुठवर जातो हे पाहिले नाही.

आता दुसरे उदाहरण सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवूही लागले. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून धंद्याची सुरुवात झाली. पुढे कारखाना निघाला. तिथल्या पहिल्या वस्तूंत कडबा कापायचे यंत्र होते आणि लोखंडी नांगर होता.

नांगर चांगला होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली असे सांगतात. मी विचार करते, त्या माणसाने ‘लोक अडाणी आहेत’ म्हणून हात झटकले असते तर? शेतकऱ्याची भीती ही पोटाची भीती असते. ती काढायची तर त्याच्या बांधावर उभे राहावे लागते, शहाणपण दुरून पाठवून भागत नाही. पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

रंग न दिसणाऱ्या माणसाला वस्तूची पारख होती. म्हणून मला वाटते, रसिकता म्हणजे नुसता रंग नव्हे. ती आपल्याकडेही आहे. लोहाराकडे विळा घेताना आपण मूठ हातात धरून बघतो. मडके घेताना बोटाने वाजवून बघतो. तांब्याची धार नीट पडते का ते बघतो. मग हजारो रुपयांचे यंत्र घेताना आपण मागे का उभ्या राहतो? तेव्हा बोलणार पुरुष आणि दुकानदार, आणि रोज हात घालणार आपण!

आमच्याकडे पुढे काय झाले ते सांगते. वेल्डिंगवाल्याला बोलावले. तो म्हणाला, तोंड किती लांबवू? जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी सुतळी घेतली, आपल्या खांद्यापासून बोटांपर्यंत मापली, वर एक वीत ठेवली आणि म्हणाल्या, “एवढे. म्हणजे कोणाचाच हात पोचणार नाही.” त्या मापाची नळी बसली, वर पत्र्याचे झाकण आले, बटण उभ्या जागी आले. आता गल्लीतल्या दोन घरांनी तीच सुतळी मागून नेली आहे. सातवीसुद्धा न शिकलेल्या बाईने केलेली ही कल्पकता. तिला दुसरे नाव मला ठाऊक नाही.

आपल्या शेजारी रांजणगावच्या वसाहतीत फ्रिज तयार होतात, कपडे धुण्याची यंत्रे तयार होतात. आपल्या भागातली मुले-मुली तिथे कामाला जातात. उद्या त्यांच्यातलाच कोणी नव्या यंत्राची रेघ काढायला बसेल. त्याने आधी घरी येऊन आईला विचारावे, “तुला नडते कुठे?” आणि आईने ‘मला काय कळते’ असे म्हणू नये.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. ज्या घरात नवे यंत्र येईल, तिथे पूजेआधी चार जणींनी जाऊन चार गोष्टी पाहाव्या : हात पात्यापासून किती लांब राहतो, बंद करायचे बटण हाताशी आहे का, फिरत्या चाकाला झाकण आहे का आणि उंची आपल्या कमरेला जुळते का. नारळ त्यानंतर फोडावा.

जाऊबाई इथे समोर बसल्या आहेत. मी त्यांची जाहीर क्षमा मागते आणि माझे चार शब्द पुरे करते.