गुळाची हातगाडी आणि त्वरणाचे गणित

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरी गुळाची पेठ म्हणून नावारूपाला आली. अशा पेठेत गुळाच्या ढेपांनी भरलेली हातगाडी जागची हलवताना हमालाच्या अंगाला जे कळते, तेच न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या गतीच्या दुसऱ्या नियमात गणिताने मांडले आहे. वस्तूवरील निव्वळ बलाला तिच्या वस्तुमानाने भागले की त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, मिळते. वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्याचे प्रमाण, ते किलोग्रॅममध्ये मोजतात; आणि एक किलोग्रॅम वस्तूचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंदाने वाढवणारे बल म्हणजे एक न्यूटन.

समजा, १०० किलोग्रॅमच्या गाडीवर प्रत्येकी ३० किलोग्रॅमचे १० रवे, म्हणजे साच्यात पाडलेल्या गुळाच्या ढेपा, रचले आहेत आणि दोघे हमाल मिळून २०० न्यूटन बलाने ती ढकलत आहेत. २०० ला ४०० ने भागून ०.५ हे उत्तर काढण्याची चूक विद्यार्थ्यांकडून हमखास होते, कारण चाकांच्या आसाशी आणि रस्त्याशी होणारे घर्षण त्यात धरलेलेच नसते. ते १२० न्यूटन मानले, तर उरलेले ८० न्यूटन हेच निव्वळ बल ठरते आणि त्वरण भरते ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे पाच सेकंदांनी गाडी सेकंदाला एक मीटर, साधारण सावकाश चालीने, जाऊ लागते.

रवे उतरवल्यावर मात्र वस्तुमान एक चतुर्थांशावर येते, आणि घर्षणही भाराच्याच प्रमाणात घटून ३० न्यूटनवर आले असे धरले, तर तेवढ्याच जोराने ढकललेल्या मोकळ्या गाडीचे त्वरण १.७ होते, म्हणजे चौपट नव्हे, साडेआठपट. हा फरक केवळ सूत्र पाठ करणाऱ्याच्या ध्यानात येणे कठीण आहे.

भरलेली गाडी एकदा सेकंदाला एक मीटर या चालीला लागली की हमाल जोर कमी करून १२० न्यूटनवर आणतात, तेव्हा निव्वळ बल शून्य होते, त्वरणही शून्य होते, पण गाडी थांबत नाही, ती त्याच वेगाने पुढे जात राहते. हात काढून घेतले, तर एकट्या घर्षणामुळे तिचे त्वरण उणे ०.३ होते आणि सव्वातीन-साडेतीन सेकंदांत, पावणेदोन मीटरांच्या आतच, ती उभी राहते.