बोटभर मासा आणि टाकीतली शांतता



पालम हे माझं गाव. परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठच्या तालुक्याचं. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला जांभूळबेट दाखवायला नेतात. गोदावरीच्या पात्रातलं झाडीनं भरलेलं बेट. पाण्याच्या बाबतीत आमची श्रीमंती तेवढीच. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब आहे. अशा गावात माझ्या भावाच्या बैठकीत ऐंशी लिटर समुद्र मांडलेला आहे आणि त्यात एक बोटभर मासा राहतो. आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

हा उद्योग माझ्या पुतण्याचा. तो पुण्यात नोकरीला होता. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर काचेची टाकीही घेऊन आला. म्हणाला, "चाचा, यात गोबी ठेवायची आहे." आमच्या घरातल्या बोलीत गोबी म्हणजे भाजीतली कोबी. भाभी आतून म्हणाल्या, "मग एवढी मोठी टाकी कशाला? टोपली पुरली असती."

गोबी हे माशांचं एक भलंमोठं कुळ आहे. त्यात दीड हजाराहून जास्त जाती आहेत. बहुतेक आकाराने लहान आणि तळाशी राहणाऱ्या. अनेकांच्या पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखी चकती झालेली असते, तिच्या आधाराने ते दगडाला चिकटून बसतात. कोकणातल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही यांचीच नातलग. आमच्या गोदावरीतही या कुळातला एक मासा सापडतो. वाळूच्या रंगाचा, वाळूवरच पडून राहणारा. म्हणजे पाहुणा अगदीच परका नव्हता.

पुतण्याने निवडली होती निऑन गोबी. मूळची फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्राकडची. लांबी जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर, अंग काळं आणि त्यावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत निळी चमकदार रेघ. हिची पैदास माणसाच्या देखरेखीखाली टाकीत होते, त्यामुळे समुद्रातून ओरबाडून आणावी लागत नाही. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मला बरं वाटलं.

पण समुद्र घरात आणायचा कसा? आमच्या बोअरचं पाणी जड, ते चालत नाही. गाळून शुद्ध केलेलं आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी क्षार मिसळायचे. हे क्षार वेगळे मिळतात, स्वयंपाकाचं मीठ उपयोगाचं नाही. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. पाणी २४ ते २७ अंशांत राहिलं पाहिजे आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. तेव्हा खोलीत कूलर आणि टाकीच्या तोंडावर छोटा पंखा. वीज गेली की बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. मराठवाड्यातल्या माणसाला तो का लागतो, हे समजावून सांगायला नको.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे थांबणं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो विषारी. त्याचं आधी नायट्राइटमध्ये, मग कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर वाढावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी. गल्लीतली पोरं रोज येऊन विचारायची, "मासे कुठायत?"

टाकीतले दगड कृत्रिम आहेत. पोवळ्यांची, म्हणजे प्रवाळांची, बाग करायची त्याची हौस होती. पण आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना सर्वांत कडक संरक्षण दिलेलं आहे. आपल्या समुद्रातून ते आणता येत नाहीत. ते योग्यच आहे. महाराष्ट्राला प्रवाळ लाभले आहेत ते मोजक्या ठिकाणी. मालवणला, जिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, आणि किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवर. ते तिथेच राहू देत.

आता चूक सांगतो. टाकी तयार होत असताना एका दुकानदाराने सांगितलं, "आधी दोन निळे डॅमसेल सोडा. काटक असतात, पाणी जमवून घेतात." आम्ही सोडले. दिसायला देखणे, चपळ. त्यांनी दगड आपसांत वाटून घेतले. तीन आठवड्यांनी गोबी आली. टाकीत मारामारी नव्हती, कुणाचे पर फाटले नव्हते. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, बघा, किती गुण्यागोविंदाने राहतात! गोबी मात्र दिसत नव्हती. ती पंपाच्या मागे असायची. आम्ही म्हणालो, लाजाळू जात आहे, रुळेल.

आठव्या दिवशी पहाटे भाभी नमाजाला उठल्या. त्यांना ती फरशीवर दिसली. वाळलेली, निळी रेघ विझलेली. झाकणाला वायरसाठी ठेवलेल्या फटीतून बाहेर पडली होती. भाभींनी तिला कागदावर उचललं आणि पुतण्याला म्हणाल्या, "मासा पाण्यातून बाहेर उडी मारतो म्हणजे आत त्याला काय वाटत असेल, बघ."

त्या दिवशी आम्ही दोघं टाकीसमोर बसलो आणि आधी जे बघायला हवं होतं ते आठवू लागलो. चारा टाकला की डॅमसेल वर यायचे. गोबीने डोकं बाहेर काढलं की त्यातला एक नुसता तिच्या दिशेने वळायचा. चावत नव्हता. त्याची गरजच नव्हती. ती मागे सरायची. हे आम्ही दहा वेळा पाहिलं होतं आणि त्याला शांतता म्हटलं होतं.

पुतण्याने महिनाभर टाकीला हात लावला नाही. सगळं विकून टाकतो म्हणाला. मग एके दिवशी त्यानेच पुन्हा सुरुवात केली. डॅमसेल मोठी टाकी असलेल्या एका मित्राला दिले. दगडांची मांडणी पार बदलली आणि बोटभर प्राण्याला शिरता येईल अशी बिळं ठेवली. झाकणावर बारीक जाळी बसवली. या वेळी सगळ्यांत आधी गोबी आली. तिला टाकी ओळखीची व्हायला तीन आठवडे दिले. बिळाच्या तोंडाशी ड्रॉपरने बारीक चारा, दिवसातून दोनदा, थोडा थोडा. त्यानंतर क्लाउनफिशची लहान जोडी. तीही पैदाशीतली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्या देशात बसवलेलं आहे.

एका संध्याकाळी पुतण्याने मला हाक मारली. क्लाउनफिश एका जागी थबकला होता, कल्ले किंचित उघडे ठेवून. गोबी त्याच्या अंगावर बसून काहीतरी टिपत होती. समुद्रात हाच तिचा धंदा. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी ती खाते. मोठे मासे तिच्यापुढे केस कापायला बसल्यासारखे स्वस्थ राहतात. तिच्याच कुळातले दुसरे काही मासे एका कोळंबीबरोबर बिळात राहतात. कोळंबीला फारसं दिसत नाही, ती बीळ खणते. मासा दारात बसून पहारा देतो. बाहेर येताना कोळंबी आपली मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. त्याने शेपटी हलवली की धोका, दोघं आत.

श्रोतेहो, निऑन गोबीचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. आमची ही गोबीही फार दिवस राहणार नाही, हे पुतण्याला माहीत आहे. पण ती दिवसभर बाहेर असते. दगडाच्या टोकावर, सगळ्यांसमोर, चिकटून बसलेली.

मी आयुष्यभर कविता लिहिल्या. त्यांत शांतता हा शब्द किती वेळा आला असेल, मोजलेलं नाही. आता तो लिहिताना हात थांबतो. आवाज नाही, भांडण नाही, म्हणून सगळं ठीक आहे, असं मी गावाबद्दलही म्हणत नाही. आधी बघतो, सगळ्यांत लहान जो आहे तो कुठे आहे. पंपाच्या मागे आहे, की दारात येऊन बसला आहे?